नुसतं आमंत्रण पुरत नाही: कर्णबधिर आणि दिव्यांग कलाकारांची परदेशवारी नेमकी कशी घडते

परदेशातल्या एखाद्या महोत्सवाचं आमंत्रण आलं की बहुतेक कलाकारांच्या डोक्यात ठरलेल्या गोष्टी येतात, व्हिसा, तिकीट, सेटचं सामान कसं न्यायचं, प्रयोग किती, मानधन किती. व्हीलचेअर वापरणाऱ्या नर्तकीला किंवा साइन लँग्वेजमध्ये, म्हणजे खुणांच्या भाषेत काम करणाऱ्या नटाला तेच आमंत्रण आलं की या यादीच्या आधी अजून एक मोठी यादी उभी राहते. विमानातून खुर्ची शाबूत उतरेल का, हॉटेलचं बाथरूम वापरता येईल का, तालमीत दुभाषी कोण आणि त्याचे पैसे कोण देणार, सोबत येणाऱ्या मदतनिसाचं तिकीट कोण काढणार, आणि इतके दिवस देशाबाहेर राहिलं तर घरी मिळणारा सरकारी भत्ता बंद तर होणार नाही ना. यातल्या एखाद्या प्रश्नाचं उत्तर वेळेत मिळालं नाही की कलाकार "जमणार नाही" असं कळवून टाकतो, आणि आयोजकांच्या कागदावर त्याच्या नावापुढे फक्त "उपलब्ध नाही" एवढंच लिहिलं जातं. का उपलब्ध नाही हे कुणी विचारतच नाही. कितीतरी चांगलं काम असं आपापल्या देशातच राहून जातं.

सांस्कृतिक देवाणघेवाण हे नाव जड आहे पण त्यात येणाऱ्या गोष्टी सोप्या आहेत. रेसिडेन्सी म्हणजे कलाकाराने दुसऱ्या देशात काही आठवडे किंवा महिने राहून काम करायचं, टूर म्हणजे तयार नाटक किंवा नाच घेऊन फिरायचं, को-प्रॉडक्शन म्हणजे दोन देशांतल्या संस्थांनी मिळून नवीन काम उभं करायचं, शिवाय कार्यशाळा, फेलोशिप, प्रदर्शनं. पैसे येतात ते ब्रिटिश कौन्सिल किंवा गोएथे इन्स्टिट्यूटसारख्या संस्थांकडून, युरोपियन युनियनच्या क्रिएटिव्ह युरोपसारख्या कार्यक्रमांतून, खासगी फाउंडेशनकडून आणि खुद्द महोत्सवांकडून. हे सगळं बऱ्याच वर्षांपासून चालू आहे, फक्त ते आखताना डोळ्यापुढे असलेला कलाकार हा धडधाकट, ऐकू येणारा, इंग्रजीत मेल लिहिणारा आणि चार दिवसांच्या नोटिशीवर बॅग भरून निघणारा असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात साधारण १३० कोटी लोकांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे दर सहा माणसांमागे एक. संयुक्त राष्ट्रांचा दिव्यांग हक्कांचा करार १३ डिसेंबर २००६ ला मंजूर झाला आणि ३ मे २००८ पासून लागू झाला, त्याचं कलम ३० सांस्कृतिक जीवनाबद्दल आहे. त्यात दिव्यांग माणसाला नाटक-सिनेमा बघता आला पाहिजे, संग्रहालयात जाता आलं पाहिजे एवढंच म्हटलेलं नाही, त्याला स्वतःची निर्मितीक्षमता वाढवायची आणि वापरायची संधी मिळाली पाहिजे असंही म्हटलंय, आणि कारण काय दिलंय तर फक्त त्याच्या भल्यासाठी नाही, समाज समृद्ध व्हावा म्हणून. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटतं, कारण या विषयावर बोलताना नव्वद टक्के वेळा सूर मदतीचा असतो, बिचाऱ्यांना संधी देऊया असा, आणि तिथेच सगळं चुकतं. संधी देणाऱ्या देशाला आणि रंगभूमीला त्यातून काय मिळतं हे बघायचं असेल तर इतिहासात एक फार सुंदर उदाहरण आहे.

पण त्याआधी एक गोष्ट. या क्षेत्रात "कर्णबधिर आणि दिव्यांग" असं दोन्ही वेगवेगळं म्हणतात, कारण अनेक कर्णबधिर माणसं स्वतःला अपंग मानत नाहीत, ती स्वतःला एका भाषिक समाजाचा भाग मानतात, ज्याची स्वतःची भाषा आहे, गोष्टी आहेत, विनोद आहेत, कविता आहे. कलम ३० मध्येही साइन लँग्वेज आणि कर्णबधिर संस्कृती यांचा वेगळा उल्लेख आहे. आणि दिव्यांग चळवळीचं म्हणणं असं की पाय चालत नाहीत ही शरीराची स्थिती झाली, पण रंगमंचावर जायला फक्त पायऱ्याच ठेवल्या ही बांधणाऱ्याची निवड आहे, माणूस अडतो तो या दुसऱ्या गोष्टीमुळे. ब्रिटनमधल्या दिव्यांग कार्यकर्त्यांनी १९७० च्या दशकात हा विचार नीट मांडला आणि पुढचं सगळं काम त्याच्यावर उभं आहे. एकदा हे मान्य केलं की रॅम्प, दुभाषी, कॅप्शन या गोष्टी कुणावर केलेला उपकार राहत नाहीत, जसा लाइटिंगचा खर्च तसा हा खर्च.

आता ते उदाहरण. १८१५ मध्ये थॉमस हॉपकिन्स गॅलोडेट नावाचा एक अमेरिकन माणूस कर्णबधिर मुलांना कसं शिकवतात हे बघायला युरोपात गेला. लंडनमध्ये त्याची गाठ पॅरिसच्या कर्णबधिर शाळेतल्या लोकांशी पडली, ते तिथे जाहीर प्रात्यक्षिकं देत होते, आणि त्यांच्यातच लॉराँ क्लेर हे स्वतः कर्णबधिर असलेले तरुण शिक्षक होते. गॅलोडेट नंतर पॅरिसला जाऊन थोडं शिकला आणि १८१६ मध्ये क्लेर यांनाच बरोबर घेऊन जहाजाने अमेरिकेला निघाला, त्या प्रवासात क्लेर त्याला साइन शिकवत होते आणि तो क्लेरना इंग्रजी. १८१७ मध्ये हार्टफर्डला शाळा सुरू झाली. आजच्या अमेरिकन साइन लँग्वेजवर फ्रेंच साइन लँग्वेजची जी स्पष्ट छाप आहे ती या एका प्रवासातून आली, जोडीला तिथल्या मुलांच्या आणि गावांच्या आपल्या खुणा होत्याच.

पुढे १८८० मध्ये मिलानला शिक्षकांची एक आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे ठराव झाला की कर्णबधिर मुलांना फक्त बोलूनच शिकवायचं, साइन वापरायची नाही. मत देणारे जवळपास सगळे ऐकू येणारे होते. फ्रान्समध्ये याचा परिणाम फार खोल झाला, वर्गातून साइन लँग्वेज हद्दपार झाली, ती टिकली ती शाळांच्या आवारात, वसतिगृहात, क्लबमध्ये, घरात, आणि हळूहळू कित्येक कर्णबधिर लोकांनाही वाटायला लागलं की आपली भाषा म्हणजे नुसते हातवारे, चारचौघांत करायची गोष्ट नाही. या ठरावाबद्दल त्याच परिषदेने जाहीर खेद व्यक्त केला तो थेट २०१० मध्ये, व्हँकुव्हरला.

आणि मग १९७० च्या दशकाच्या मध्यात आल्फ्रेडो कोराडो हा अमेरिकन कर्णबधिर कलाकार फ्रान्समध्ये आला. अमेरिकेत तोपर्यंत नॅशनल थिएटर ऑफ द डेफ ही व्यावसायिक नाटक कंपनी १९६७ पासून चालू होती, गॅलोडेट हे कर्णबधिरांसाठीचं कॉलेज (आजचं विद्यापीठ) होतं, साइन लँग्वेज ही पूर्ण भाषा आहे यावर भाषाशास्त्रज्ञांचं संशोधन आलेलं होतं, त्यामुळे कोराडोला आपल्या भाषेची लाज वाटत नव्हती. त्याने आणि झाँ ग्रेमियों या ऐकू येणाऱ्या फ्रेंच दिग्दर्शकाने मिळून पॅरिसजवळ व्हॅन्सेनच्या किल्ल्यात इंटरनॅशनल व्हिज्युअल थिएटर सुरू केलं. तिथे आलेल्या फ्रेंच कर्णबधिर लोकांना पहिल्यांदा दिसलं की एक कर्णबधिर माणूस दिग्दर्शन करतोय, सगळ्यांसमोर, हातांनी, आणि ऐकू येणारी माणसं त्याच्याकडे शिकायला बसलीयेत. त्या थिएटरमधून साइन लँग्वेजचे वर्ग सुरू झाले, शब्दकोश निघाले, आईवडील मुलांना घेऊन यायला लागले. फ्रान्समध्ये त्या काळाला कर्णबधिर समाजाची जाग असं म्हणतात. तिथेच लहानाची मोठी झालेली एमान्युएल लाबोरी १९९३ मध्ये फ्रेंच रंगभूमीचा मोलिएर पुरस्कार मिळवणारी पहिली कर्णबधिर अभिनेत्री ठरली आणि पुढे त्याच थिएटरची प्रमुख झाली, आणि २००५ मध्ये फ्रान्सच्या कायद्याने साइन लँग्वेजला पूर्ण भाषा म्हणून मान्यता दिली.

या गोष्टीत दोन्ही वेळेला प्रवास करून आलेला कर्णबधिर माणूस पाहुणा म्हणून आलेला नाही, तो शिकवायला आणि काम उभं करायला आलाय. क्लेर शिक्षक होते, कोराडो दिग्दर्शक. दोघंही आठवडाभराचा महोत्सव करून परत गेले नाहीत, लोकांमध्ये राहिले. आज एखादी संस्था देवाणघेवाणीचा कार्यक्रम आखत असेल तर मी तिला आधी एवढंच विचारेन की यात कर्णबधिर किंवा दिव्यांग माणूस कोणत्या भूमिकेत आहे, कार्यशाळा घेणारा की कार्यशाळेत बसणारा.

बाहेर जाणं या कलाकारांसाठी इतकं का मोलाचं याचं अजून एक कारण म्हणजे संख्या. एका देशात कर्णबधिर नाट्यदिग्दर्शक किती असतील, क्रचेस घेऊन नृत्यरचना करणारे किती असतील, हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, कधीकधी एखादाच. त्याला आपल्या कामावर बोलायला, भांडायला, शिकायला बरोबरीचं माणूस आपल्या शहरात मिळत नाही. शिवाय कित्येक नाट्यशाळा आणि नृत्यशाळांचे दरवाजे वर्षानुवर्षं या लोकांना बंदच होते, त्यामुळे परदेशातली दोन आठवड्यांची कार्यशाळा हे अनेकांचं पहिलं व्यावसायिक शिक्षण असतं. १९८९ मध्ये गॅलोडेट विद्यापीठाने वॉशिंग्टनला डेफ वे नावाचा महोत्सव केला तेव्हा जगभरातून सहा हजारांहून जास्त लोक आले. फ्रान्समधल्या रँसला २००३ पासून क्लँ दय नावाचा साइन लँग्वेजमधल्या कलांचा महोत्सव भरतो, तिथे रंगमंचावरच नाही तर सगळ्या परिसरात साइन चालते, म्हणजे एरवी जो माणूस कायम अल्पसंख्य असतो तो तिथे बहुसंख्य असतो, आणि ऐकू येणारा पाहुणा गोंधळलेला असतो. हा अनुभव घेऊन परतलेला कलाकार पुढचं काम वेगळ्या आत्मविश्वासाने करतो.

आता भाषेचा भाग जरा सविस्तर बघू, कारण इथे गैरसमज फार. साइन लँग्वेज जगात एकच नाही, ३०० हून जास्त आहेत. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजी बोलतात पण तिथल्या साइन लँग्वेज एकमेकींना कळत नाहीत, इंग्रजी मुळाक्षरं बोटांनी दाखवायची तर ब्रिटिश साइनमध्ये दोन हात लागतात, अमेरिकनमध्ये एक. उलट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या साइन एकाच कुळातल्या आहेत. समजा ब्राझीलची कर्णबधिर दिग्दर्शिका जपानमध्ये ऐकू येणाऱ्या आणि कर्णबधिर अशा मिश्र नटसंचाबरोबर काम करतेय. ती ब्राझिलियन साइनमध्ये काही सांगणार, तिचा दुभाषी ते पोर्तुगीजमध्ये बोलणार, दुसरा ते जपानीत आणणार, तिसरा जपानी साइनमध्ये. उत्तर याच रस्त्याने उलटं येणार. शिवाय साइन दुभाषी दोघादोघांच्या जोडीने काम करतात, साधारण वीस-तीस मिनिटांनी एकमेकांना बदली देतात, कारण त्यापेक्षा जास्त वेळ डोकं आणि हात दोन्ही टिकत नाहीत, चुका व्हायला लागतात. म्हणजे एका तालमीला दुभाष्यांचाच एक छोटा संघ लागतो.

पण यात एक गंमतीची गोष्ट आहे. वेगवेगळ्या देशांतले कर्णबधिर लोक एकत्र आले की दुभाष्याशिवाय बऱ्याच लवकर एकमेकांशी बोलायला लागतात. इंटरनॅशनल साइन म्हणून एक संपर्काचं माध्यम तयार झालंय, ती पूर्ण बांधलेली भाषा नाही, ठरलेला शब्दसंग्रह कमी, पण जागेचा, चेहऱ्याचा, चित्रासारख्या मांडणीचा वापर करून अर्थ पोचवायची सवय या लोकांना आधीपासून असते. दोन देशांतली ऐकू येणारी माणसं जिथे पुटपुटत बसतात तिथे हे लोक पंधरा मिनिटांत कामाचं बोलत असतात. म्हणून सगळा नटसंच कर्णबधिर असेल तर साखळीतले बरेच दुवे गळून पडतात, आणि हे लक्षात घेऊन संघ बांधला तर पैसेही वाचतात. मात्र करारनामा, मानधन, सुरक्षेच्या सूचना या गोष्टी इंटरनॅशनल साइनवर सोडू नयेत, तिथे ज्याच्या त्याच्या भाषेतला पक्का दुभाषी हवा.

दुभाषी ठरवताना अजून एक चूक नेहमी होते, तो फक्त प्रयोगापुरता आणि भाषणापुरता ठरवतात. पण महोत्सवात पुढची कामं ठरतात ती प्रयोग संपल्यावर, जेवताना, लॉबीत उभं राहून, परतीच्या बसमध्ये. तिथे दुभाषी नसला की कर्णबधिर कलाकार हसून मान डोलावत राहतो आणि सगळ्या ओळखी बाकीच्यांच्या होतात. संध्याकाळच्या त्या तीन तासांचे पैसे बजेटमध्ये धरणं हा माझ्या मते सगळ्यात फायद्याचा खर्च आहे.

शरीर घेऊन प्रवास करायचा म्हटलं की विमानतळ हा पहिला अडथळा. इलेक्ट्रिक व्हीलचेअर ही त्या माणसाच्या शरीराच्या मापाने बनवलेली असते, तिची पाठ, उंची, उशी सगळं ठरवून केलेलं, आणि ती सामानाच्या पोटात जाते. ती मोडली तर तो नर्तक नाचूच शकत नाही, कधीकधी बसूही शकत नाही. आंतरराष्ट्रीय प्रवासात सामानाच्या नुकसानाची भरपाई मॉन्ट्रियल कराराने ठरते आणि त्याची कमाल मर्यादा २०२४ च्या शेवटापासून प्रवाशामागे १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) आहे, म्हणजे ढोबळमानाने दोन हजार डॉलर, आणि चांगल्या खुर्चीची किंमत त्याच्या कितीतरी पट असते. याच कराराच्या कलम २२ मध्ये एक सोय आहे जी फार कमी लोकांना माहीत असते, सामान ताब्यात देताना त्याची खरी किंमत खास जाहीर करता येते, विमान कंपनी त्यासाठी जादा पैसे मागू शकते, पण मग भरपाईची मर्यादा त्या जाहीर रकमेपर्यंत जाते. आयोजकांनी हे आधीच कंपनीशी बोलून लेखी घ्यावं आणि जादा पैसे स्वतः भरावेत. युरोपियन युनियनमध्ये २००६ च्या नियमाने विमानतळावरची मदत मोफत आहे आणि व्हीलचेअरसारखी दोन साधनंही मोफत नेता येतात, फक्त ४८ तास आधी कळवायचं. लिथियम बॅटरी असेल तर तिची वॉट-तासातली क्षमता, ती निघते का, हे कागदावर तयार ठेवावं, ऐन काउंटरवर हा वाद सुरू झाला की विमान चुकतं.

हॉटेलच्या वेबसाइटवर "ॲक्सेसिबल" लिहिलेलं असतं त्यावर भरवसा ठेवू नका, दाराची रुंदी, पलंगाची उंची, शॉवरला उंबरा आहे का याचे मोजमापासह फोटो मागवा. आणि थिएटरचं सांगायचं तर प्रेक्षकांच्या बाजूला रॅम्प असतो पण मेकअप रूम तळघरात आणि विंगेत जायला तीन पायऱ्या, कारण बांधणाऱ्याच्या डोक्यात दिव्यांग माणूस प्रेक्षकातच बसलेला होता.

मदतनीस म्हणजे पर्सनल असिस्टंट, याच्याबद्दलही स्पष्ट असलेलं बरं. त्या कलाकाराचं शरीर कसं उचलायचं, कुठे दुखतं, रात्री कितीदा कूस बदलायची हे माहीत असलेलं हे कामाचं माणूस आहे. "घरातलं कुणीतरी घेऊन या" असं सांगणं म्हणजे आईला किंवा बायकोला फुकट राबवणं. त्याला वेगळं तिकीट, वेगळी खोली, रोजचा भत्ता, पगार आणि योग्य व्हिसा लागतो, आणि मोठ्या टूरवर दोन मदतनीस लागतात कारण एकाने चोवीस तास काम करायचं नसतं.

हे सगळं वाचून वाटेल की खर्च फार. म्हणूनच या क्षेत्रातले जाणते लोक एका गोष्टीवर अडून बसतात, ॲक्सेसचे, म्हणजे दुभाषी, मदतनीस, रॅम्प अशा सोयींचे पैसे वेगळे ठेवा. म्हणजे कलाकाराला जी ग्रँट मिळते त्यातूनच दुभाषी आणि मदतनीस यांचा खर्च भागवायचा नाही, त्यासाठी बाजूला निधी हवा आणि निवड करताना तो आकडा परीक्षकांना दिसायलाही नको. नाहीतर काय होतं, दोन अर्ज सारख्याच तोडीचे असतात, एकाचा खर्च दुप्पट दिसतो, आणि कुणाच्या मनात काही वाईट नसतानाही स्वस्त अर्ज निवडला जातो. किंवा कलाकार स्वतःच भीतीने आपल्या गरजा कमी करून लिहितो आणि मग तिथे जाऊन आजारी पडतो.

पैशाचा अजून एक गुंता आहे तो बाहेरून दिसत नाही. अनेक देशांत दिव्यांग व्यक्तीला मिळणारा भत्ता अटींना बांधलेला असतो. अमेरिकेत एसएसआय हा कमी उत्पन्नाच्या दिव्यांग आणि वृद्धांसाठीचा सरकारी भत्ता घेणाऱ्या एकट्या माणसाकडे दोन हजार डॉलरपेक्षा जास्त मालमत्ता असता कामा नये, घर आणि एक गाडी अशा काही गोष्टी सोडल्या तर, आणि सलग ३० दिवस देशाबाहेर राहिलं की पैसे थांबतात. ब्रिटनमध्ये पीआयपी हा दिव्यांगांसाठीचा भत्ता साधारण १३ आठवड्यांपर्यंतच्या परदेशवारीत चालू राहतो. म्हणजे तीन महिन्यांची, घसघशीत एकरकमी मानधनाची रेसिडेन्सी कागदावर जितकी छान तितकीच एखाद्या कलाकाराला अडचणीत टाकणारी. यावर उपाय अवघड नाहीत, मुक्काम तुकड्यांत विभागायचा, मानधन हप्त्यांत द्यायचं, खर्च संस्थेने थेट भरायचे, आणि त्या देशातल्या भत्त्यांच्या सल्लागाराची फी बजेटमध्ये धरायची. पण हे करार व्हायच्या आधी विचारावं लागतं.

या सगळ्या गरजा एका जागी लिहायला एक कागद वापरतात, ॲक्सेस रायडर. बँडवाल्यांचा टेक्निकल रायडर असतो तसाच, कलाकार स्वतः लिहितो की मला कामाला काय लागतं, दिवसाला किती तास काम, किती विश्रांती, मेल हवा की व्हिडिओ, उजेड कसा, आवाज किती, दुभाषी कोणत्या भाषेचा. एकदा लिहिला की दर वेळी नव्या माणसाला आपलं दुखणं पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही, आणि ही सुटका किती मोठी आहे ते ज्याने शंभरदा सांगितलंय त्यालाच कळेल.

आता कलेकडे येतो, कारण आत्तापर्यंतचं ऐकून वाटेल की हा सगळा सोयीसुविधांचा विषय आहे. ब्रिटनमधली ग्रेआय ही नाटक कंपनी १९८० मध्ये नबिल शबान या दिव्यांग नटाने रिचर्ड टॉमलिन्सन यांच्याबरोबर सुरू केली, आणि १९९७ मध्ये जेनी सीली तिच्या कलादिग्दर्शक झाल्या, त्या स्वतः कर्णबधिर आहेत. तिथलं काम बघितलं की कळतं, कॅप्शन, साइन, दृश्याचं वर्णन या गोष्टी नाटक तयार झाल्यावर वरून लावलेल्या नसतात, लिहितानाच आत विणलेल्या असतात. एखादं पात्रच दुसऱ्या पात्राच्या हालचालींचं वर्णन करतं, आणि ते वर्णन करताना त्याचा मत्सर किंवा प्रेम बाहेर पडतं, म्हणजे अंध प्रेक्षकाला दृश्य कळतं आणि डोळस प्रेक्षकाला पात्राचं मन. साइन करणारा नट कोपऱ्यात उभा नसतो, तो प्रसंगात असतो. २०१२ च्या लंडन पॅरालिम्पिकचा उद्घाटन सोहळा सीली यांनी ब्रॅडली हेमिंग्ज यांच्याबरोबर दिग्दर्शित केला. पुढे ढाक्यात २०१६ मध्ये त्यांनी तिथल्या दिव्यांग कलाकारांबरोबर रोमिओ आणि ज्युलिएटचं बंगाली नाटक केलं. अशा वेळी नुसतं तयार नाटक उचलून नेता येत नाही, कॅप्शन नव्या भाषेत, नव्या लिपीत, साइनचे प्रसंग तिथल्या साइनमध्ये, वर्णनाची लय तिथल्या बोलण्यात, हे पुन्हा रचावं लागतं. त्या पुनर्रचनेतच दोन्ही बाजू खरं शिकतात.

ॲक्सेस आतूनच असलं की कारागिरी कशी दिसते याचं अजून एक उदाहरण चीनचं. २००४ च्या अथेन्स पॅरालिम्पिकच्या समारोपात कर्णबधिर नर्तकांनी एकामागे एक उभं राहून हजार हातांच्या ग्वानयिनचा, म्हणजे करुणेच्या बौद्ध देवतेचा नाच केला आणि जगभर तो गाजला. संगीत ऐकू येत नसताना इतके हात एका तालात कसे, तर मंचाच्या कोपऱ्यांवर उभे असलेले साइन शिक्षक ताल हातांनी देत होते, नर्तक एकमेकांचा श्वास आणि हालचाल अंगाने ओळखत होते, आणि मागे प्रचंड तालीम. बातम्यांमध्ये मात्र याचा चमत्कार झाला, जिद्दीची कहाणी झाली. अपंगत्वावर मात वगैरे. मला याचं वाईट वाटतं, कारण चमत्कार म्हटलं की समीक्षा संपते, नृत्यरचना चांगली होती की नाही, कुठे ढिली पडली, हे कुणी बोलत नाही, आणि ज्याच्या कामावर कुणी खरं बोलत नाही तो कलाकार वाढणार कसा. परदेशात गेलेल्या कलाकाराला टाळ्यांइतकीच एका कडक समीक्षकाची गरज असते.

बौद्धिक अपंगत्व असलेल्या कलाकारांबद्दल तर अजूनच कमी बोललं जातं. ऑस्ट्रेलियातल्या जिलाँगची बॅक टू बॅक थिएटर ही १९८७ पासूनची कंपनी, तिचे नट बौद्धिक अपंगत्व असलेले किंवा न्यूरोडायव्हर्जंट (ऑटिझमसारख्या कारणाने ज्यांचा मेंदू वेगळ्या तऱ्हेने चालतो असे), आणि नाटकं तेच घडवतात. जगभर फिरून त्यांनी नाव कमावलं, २०२२ मध्ये इंटरनॅशनल इब्सेन पुरस्कार आणि २०२४ मध्ये व्हेनिस बिएनालेचा जीवनगौरव गोल्डन लायन मिळाला. नेना कालू या ऑटिस्टिक, फारसं न बोलणाऱ्या शिल्पकार लंडनच्या ॲक्शनस्पेस या संस्थेच्या स्टुडिओत गेली कित्येक वर्षं काम करतात. टेप, कापड, प्लास्टिक गुंडाळत गुंडाळत त्या मोठमोठी लटकती शिल्पं करतात. २०२४ च्या मॅनिफेस्टा या युरोपीय द्वैवार्षिकीत बार्सिलोनाला त्यांची शिल्पं लागली, त्या कामाचा टर्नर या ब्रिटनमधल्या मानाच्या कलापुरस्काराच्या नामांकनात उल्लेख झाला, आणि २०२५ मध्ये पुरस्कार त्यांना मिळाला. दुसऱ्या देशातलं एकच प्रदर्शन, पण ते घडायला मागे दोन दशकांहून जास्त काळ रोज बरोबर असणारी माणसं, ओळखीची जागा, साहित्य यांची साथ होती. अशा कलाकाराला एकटीला रेसिडेन्सीचं तिकीट पाठवून काहीच होत नाही, तिच्या बरोबर तिची सपोर्टची माणसंही जावी लागतात. आणि संमती घ्यायची पद्धतही बदलावी लागते, सोप्या भाषेतला, चित्रांचा करारनामा, पुन्हा पुन्हा विचारणं, आणि तिने नको म्हटलं तर ते ऐकणं.

एक गोष्ट मला खटकते ती म्हणजे प्रवाहाची दिशा. बऱ्याचदा श्रीमंत देशातली कंपनी गरीब देशात जाते, पंधरा दिवसांची कार्यशाळा घेते, फोटो काढते आणि परत येते. तिथल्या कलाकाराला मात्र उलटा प्रवास करायला व्हिसा मिळत नाही, कारण बँकेत शिल्लक नाही, नोकरीचा कागद नाही, आणि दिव्यांग असल्यामुळे व्हिसा अधिकाऱ्याला वाटतं की हा परत जाणार नाही. म्हणून कार्यक्रम आखतानाच दोन्ही दिशांचे पैसे ठेवायला हवेत आणि मागे काहीतरी उरायला हवं, एखादी तिथली कंपनी, प्रशिक्षित दुभाषी, रॅम्प बांधलेलं एक तरी थिएटर. युरोप बियॉन्ड ॲक्सेस हा २०१८ मध्ये सुरू झालेला प्रकल्प मला या बाबतीत बरा वाटतो, त्यात ॲथेन्सचं ओनासिस स्टेगी, हॅम्बुर्गचं कांपनागेल, स्वीडनचं स्कॉनेस डान्सथिएटर अशा मुख्य प्रवाहातल्या मोठ्या संस्था एकत्र आल्या आणि दिव्यांग नृत्य-नाट्य कलाकारांना नेहमीच्या कार्यक्रमात, नेहमीच्या मंचावर घ्यायचं ठरवलं, वेगळ्या "खास" महोत्सवात नाही.

लहान महोत्सव असेल, पैसे कमी असतील, तर सुरुवात अर्जापासून करा. अर्ज व्हिडिओवर साइनमध्ये किंवा आवाजात पाठवायची मुभा द्या, कारण बऱ्याच कर्णबधिर कलाकारांसाठी लिखित भाषा ही दुसरी भाषा आहे आणि अंध कलाकाराला तुमचा फॉर्म स्क्रीन रीडरवर उघडतच नाही. ॲक्सेसचा निधी किती आहे आणि तो कसा मागायचा हे जाहिरातीतच लिहा. निवड समितीत किमान दोन कर्णबधिर किंवा दिव्यांग कलाकार घ्या, मानधन देऊन, एकटाच असला की त्याच्यावर सगळ्यांच्या वतीने बोलायचं ओझं येतं. निवड झाल्यावर बजेट पक्कं करायच्या आधी कलाकाराशी तासभर बोला आणि त्या तासाचेही पैसे द्या. ज्याला प्रवास शक्यच नाही त्याला घरून रेसिडेन्सी करता येईल असा पर्याय ठेवा, मात्र मानधन तेवढंच. आणि अर्जाची शेवटची तारीख जाहिरातीनंतर किमान दोन-तीन महिन्यांनी ठेवा, तेवढ्यात दुभाषी गाठून, मदतनिसाशी बोलून, भत्त्याची चौकशी करून मग अर्ज भरायचा असतो त्यांना.